मध्ये आणि शेजारी

१२ जानेवारी २०२१ ला पहाटे, पाच वाजायच्या सुमारास, हडपसर-मांजरीकडच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून तीन ट्रक पुणे विमानतळाकडे निघाले. त्यांत कोव्हिशिल्ड लशीची ४७८ खोकी होती. दहा महिने सगळा देश जिची वाट पाहत होता तिची ही पहिली खेप. गाड्या हलण्याआधी तिथे रीतसर पूजा झाली. प्रयोगशाळेत तयार झालेल्या लशीला पूजेची काय गरज, असं म्हणून हसणारे हसले. आपली संस्कृती पाहा, म्हणून छाती फुगवणारेही होतेच.

नवव्या दिवशी, २१ जानेवारीला, त्याच संस्थेच्या मांजरीतल्या एका इमारतीला आग लागली. इमारतीचं काम अजून चालू होतं. पाच कामगार गेले. लशीचा साठा सुरक्षित राहिला.

संकटात देवाला हाक मारण्याविषयी जो लिहायला बसेल त्याला या दोन तारखा टाळता येत नाहीत. पूजेमुळे लस सुखरूप पोचली असं म्हणावं, तर ते पाच जण कोणत्या हिशेबात धरायचे? आणि पूजा निव्वळ निरर्थक होती असं म्हणावं, तर वर्षभर मृत्यूच्या सावलीत काम केलेल्या माणसांनी त्या पहाटे दोन क्षण हात का जोडले, हे कळायचं राहून जातं. प्रार्थना फळते की नाही, हा प्रश्न मी या पानांत फार ताणणार नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहून झालं आहे. मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. माणूस दुःखात देवाकडे वळतो तेव्हा त्या दोघांच्या मध्ये कोण येऊन उभं राहतं?

मांजरी हे काही तीर्थक्षेत्र नव्हे. मुळा-मुठेच्या दक्षिणेला मांजरी बुद्रुक, उत्तरेला मांजरी खुर्द. पुणे-दौंड लोहमार्गावरचं एक लहानसं स्टेशन, द्राक्ष संशोधन केंद्र, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, ऊस, पालेभाज्या आणि अलीकडे या सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेलेल्या सोसायट्या. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं. भक्तीच्या नकाशावर या गावाचं नाव शोधायचं झालं तर ते सोलापूर रस्त्याच्या कडेला सापडेल, कारण तुकोबांची पालखी पुण्याहून लोणी काळभोरला मुक्कामाला जाते ती याच बाजूने. पण या गावाच्या चहूबाजूंना कोणकोण होऊन गेलं, हे पाहिलं की आपल्या विषयाचा बराच मोठा भाग इथल्या इथे हाती येतो.

नदीपलीकडे वाघोली. रामेश्वरभट्टांचं गाव. वेदशास्त्रसंपन्न माणूस. देहूच्या एका वाण्याने, शूद्राने, वेदांचा अर्थ प्राकृतात सांगावा हे त्यांना रुचलं नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा घरोघरी माहीत आहे. तिचा पुढचा भाग तितका सांगितला जात नाही. परंपरा सांगते, की रामेश्वरभट्टांनी पुण्यात अनगडशहा फकिराच्या पाण्यात स्नान केलं आणि त्यांच्या अंगाची आग होऊ लागली. ती काही केल्या शमेना. ते आळंदीला जाऊन ज्ञानदेवांपाशी पडून राहिले. तिथे स्वप्नात त्यांना सांगणं झालं, की तुकोबांना शरण जा. तुकोबांनी एक अभंग लिहून पाठवला, तो वाचला आणि दाह निवला. पुढे हेच रामेश्वरभट्ट तुकोबांचे शिष्य झाले आणि तुकोबांची आरती त्यांनीच रचली.

चमत्कार बाजूला ठेवून ही गोष्ट वाचली तरी तिचं वजन कमी होत नाही. ज्याला सगळी अनुष्ठानं पाठ, त्याला स्वतःच्या अंगाची आग विझवता आली नाही. देवाने त्याला परस्पर बरंही केलं नाही. ज्याचा त्याने छळ केला होता त्याच्याच दारात देवाने त्याला पाठवलं. दुःखात केलेल्या प्रार्थनेचं उत्तर असंही येऊ शकतं, की आधी जाऊन त्या माणसाची माफी माग. नवसाच्या यादीत ही अट आपण कोणी सहसा घालत नाही.

तुकोबांचं स्वतःचं दुःख तर दप्तरात नोंदवावं इतकं ठोस होतं. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. दुकान बुडालं, दिवाळं वाजलं, पहिली बायको रखमाबाई अन्न अन्न करीत गेली, मुलगा संतू गेला. हा माणूस देवाकडे वळला तो भामनाथाच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन. पण डोंगरावरून उतरल्यावर त्याने जे केलं ते मला त्याच्या एकांतापेक्षाही मोठं वाटतं. घरात सावकारीची खतं होती. भावाचा वाटा भावाला देऊन आपल्या वाट्याची खतं त्याने इंद्रायणीत सोडली. दुष्काळाने नागवलेली कुळं एका दिवसात ऋणमुक्त झाली. प्रार्थनेने तुकोबांचं दुःख किती हलकं झालं हे मोजायला आपल्याकडे साधन नाही. त्या कुळांचं किती हलकं झालं याचा अंदाज मात्र करता येतो.

पुढे एका अभंगात तुकोबांनी म्हटलं, की दुष्काळ पडला, दिवाळं निघालं, हे बरंच झालं, त्यामुळे मी देवाला जाऊन भिडलो. हा अभंग वाचताना अंगावर काटा येतो. तो प्रवचनात वापरला जातो तेव्हा रागही येतो. स्वतःच्या दुःखाविषयी माणूस असं म्हणू शकतो, तो त्याचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या घरी सांत्वनाला जाऊन ‘देव करतो ते बऱ्यासाठीच’ असं म्हणण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. तरुण मुलगा गेलेल्या आईसमोर हे वाक्य टाकणारे लोक सुतकातल्या प्रत्येक घरात एकदोन तरी येऊन जातात.

वारकऱ्यांची प्रार्थना मुळात मवाळ नव्हतीच. नामदेव रुसतात. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालतात आणि त्याच्याकडून दळण-कांडणही करून घेतात. चोखोबा विचारतात, की जन्म असा का दिलास. त्या प्रश्नाला पंढरपूरच्या पुजाऱ्यांनी शतकानुशतकं उत्तर दिलं नाही, आणि चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना तिच्याखाली सापडून मेले. तुकोबा तर देवाला दिवाळखोर ठरवण्यापर्यंत जातात. रडणं, भांडणं, जाब विचारणं ही सगळी मराठीत प्रार्थनेचीच रूपं आहेत. दुःखात देवावर चिडलेल्या माणसाला आपण नास्तिक झालो की काय अशी भीती वाटते. त्याने संतांचे गाथे उघडून पाहावेत. त्याच्या आधी तिथे बरेच जण चिडून गेले आहेत.

आता खुद्द मांजरी. जोतीराव फुल्यांची इथे सुमारे ६० एकर शेती होती. ते व्यापारी होते, कंत्राटदार होते आणि शेतकरीही होते, आणि ही शेती मांजरीची. २४ सप्टेंबर १८७३ ला त्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्याच्या मुळाशी असलेली कल्पना सोपी होती आणि त्या काळी स्फोटक होती. निर्मिक एक आहे आणि त्याच्याशी बोलायला भटजीची, दलालाची गरज नाही. आज मांजरीच्या उपबाजारात शेतकरी आपली पालेभाजी थेट खरेदीदाराच्या हाती देतो, अडत्या मध्ये नसतो. जोतीरावांना माणूस आणि निर्मिक यांच्यात तेच हवं होतं. ही उपमा मी इथेच सोडतो, कारण पुढे नेली तर देवाशी भाव ठरवण्यापर्यंत जाईल.

जुलै १८८८ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग लुळं पडलं. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. त्या अवस्थेत जोतीराव डाव्या हाताने लिहायला शिकले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरं केलं. ते छापून आलं १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यात फुलं, नैवेद्य, नामस्मरण, अनुष्ठान अशी एकेक गोष्ट घेऊन ते तिची उलटतपासणी करतात आणि बहुतेक मोडीत काढतात. निर्मिकाविषयीची कृतज्ञता तेवढी ते ठेवतात. मला लक्षणीय वाटतं ते हे, की हा माणूस त्या वेळी स्वतः अंथरुणाला खिळलेला होता, पैशाची ओढाताण होती, आणि तरी त्या पुस्तकाचा विषय त्याचं आजारपण नाही. दुःखात माणूस स्वतःभोवतीच गोळा होतो असं आपण समजतो. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिलं ते सगळ्यांसाठी.

मांजरीच्या पश्चिमेला मुंढवा आणि हडपसर. १८९७ च्या प्लेगात जोतीराव-सावित्रीबाईंचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन या दवाखान्यात आणलं असं सांगतात. त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. १९०५ मध्ये यशवंतरावही प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेले.

त्याच काळात गावोगाव दुसरंही एक चालू असे. पटकी किंवा प्लेग आला की मरीआईचा गाडा निघायचा. पोतराज अंगावर कोरडे ओढायचा, देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा. मग त्या गावाने तो पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा. या लोकांना मी अडाणी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे लस नव्हती, डॉक्टर नव्हता, आणि सरकार आलं तर घरात घुसून चूलही उकरायचं, ते दुसरं काय करणार होते? तरीही या विधीचा अर्थ कठोर आहे. आमच्यावरचं जाऊ दे, शेजाऱ्यावर गेलं तरी चालेल. अशी प्रार्थना आजही होते, फक्त गाडा दिसत नाही. माझ्या मुलाला ती जागा मिळू दे, असं आपण म्हणतो तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाला ती मिळू नये हेही त्यात येतंच.

मांजरी स्टेशनातून दौंडकडे जाणारी गाडी पुढे केडगावला थांबते. हे पंडिता रमाबाईंचं केडगाव. दुःखात देवाला हाक मारण्याची इतकी निर्दय परीक्षा मराठी वाङ्मयात दुसरीकडे मी पाहिलेली नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. सगळं कुटुंब दक्षिणेत तीर्थोतीर्थी फिरत होतं. १८७४ च्या पुढे दुष्काळ पडला. शास्त्राने सांगितलं ते सगळं त्यांनी केलं. उपास केले, तीर्थस्नानं केली, असलेला पैसा देवाला आणि ब्राह्मणांना दिला, भांडी विकली. देव प्रसन्न होईल म्हणून थांबले. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. उरलेली दोघं भावंडं चालत चालत कलकत्त्यापर्यंत गेली. रमाबाईंनी हे सगळं नंतर लिहून ठेवलं आणि त्यात वडिलांविषयी कडवटपणाचा लवलेश नाही. कडवटपणा आहे तो मध्यस्थांविषयी, ज्यांनी उपाशी माणसांकडून दक्षिणा घेतली.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. तिथेही त्यांनी वाँटेजच्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घातला, की तुमच्या चर्चचं प्रत्येक मत मी का मानावं? एक मध्यस्थ सोडून दुसऱ्याच्या हाती जायची त्यांची तयारी नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावला हलवलं. तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०५ मध्ये याच मुली दिवसदिवसभर मोठ्याने, रडत, एकत्र प्रार्थना करू लागल्या आणि ते पाहून मिशनरी मंडळीसुद्धा गांगरली. काहींना तो उन्माद वाटला. त्या मुलींनी आपल्या डोळ्यांसमोर काय पाहिलं होतं हे लक्षात घेतलं तर मला तो रडण्याचा थकलेला हप्ता वाटतो. या प्रार्थनेच्या जोडीला केडगावात शाळा होती, शेती होती, छापखाना होता, आंधळ्यांसाठी शिकण्याची सोय होती. मनोरमा ही एकुलती एक मुलगी १९२१ मध्ये गेली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, बायबलचं मराठी भाषांतर पुरं करून.

जोतीराव आणि रमाबाई यांच्या श्रद्धा वेगळ्या, मार्ग वेगळे. तरी दुःखातल्या माणसाच्या आणि देवाच्या मध्ये कोणी नको, यावर दोघांचं एकमत होतं. याचं कारण साधं आहे. दुःखात माणसाचा हात ढिला होतो. एरवी पाच रुपयांची कोथिंबीर घासाघीस करून घेणारा माणूस कॅन्सरच्या रिपोर्टनंतर पन्नास हजारांची शांत करायला मागेपुढे पाहत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात मारले गेले ते या मधल्या माणसांविरुद्ध आयुष्यभर बोलले म्हणून. त्यांच्या खुनानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याविषयी अजूनही सांगितलं जातं, की तो देवाधर्मावर घाला आहे. ज्यांनी तो वाचला त्यांना ठाऊक आहे, की उपासना, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. कायद्याने हात घातला तो मध्ये उभं राहून लुबाडणाऱ्यावर.

मग २०२० आलं आणि एक विचित्र गोष्ट घडली. मध्ये खरोखरच कोणी उरलं नाही. मार्चपासून देवळं बंद झाली ती दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. ३० जूनला तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या. मांजरी फार्म, पंधरा नंबर, शेवाळवाडी या रस्त्यावर दरवर्षी चहा-पोहे आणि पाय चेपण्याची जी लगबग असते ती नव्हती. पुढच्या वर्षीही तेच. पुजारी नाही, दिंडी नाही, बुवा नाही. रुग्ण काचेच्या आत एकटा, नातेवाईक पार्किंगमध्ये मोबाइल हातात धरून एकटे. संतांनी आणि सत्यशोधकांनी मागितलेला थेट संवाद लाखो लोकांच्या वाट्याला सक्तीने आला.

आणि तो अनेकांना झेपला नाही. त्या दिवसांविषयी लोक बोलतात तेव्हा देव भेटला की नाही याबद्दल क्वचितच बोलतात. हाताला धरायला कोणी नव्हतं, शेवटचं पाणी पाजता आलं नाही, मातीला चार माणसं नव्हती, हे बोलतात. मध्ये कोणी नको, हे खरंच. पण शेजारी कोणीतरी हवं असतं, आणि याकडे आपल्या धर्मचर्चेने फारसं लक्ष दिलेलं नाही. वारी टिकली आहे ती बहुधा यामुळेच. तिथे कोणी कोणाच्या वतीने देवाला भेटत नाही, सगळे एकमेकांच्या शेजारून चालतात.

या संदर्भात अमेरिकेतला एक अभ्यास आठवतो. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर तो केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी अनोळखी लोकांनी दुरून प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना पक्कं ठाऊक नव्हतं, त्यांच्यात फरक दिसला नाही. ज्यांना ती नक्की होते आहे असं सांगितलं होतं, त्यांच्यातल्या ५९ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, इतरांत हे प्रमाण ५१-५२ टक्के होतं. नास्तिकांनी हे आकडे मिरवले, आस्तिकांनी ते फेटाळले. मला त्यातलं इतकंच घ्यावंसं वाटतं, की त्या रुग्णांसाठी प्रार्थना करणाऱ्यांपैकी कोणीही त्यांच्या उशाशी बसलेलं नव्हतं.

पुढच्या पानांत हा विषय अनेक अंगांनी येईल. कुठे श्रद्धा बोलेल, कुठे शंका, कुठे निव्वळ संताप. वाचकाने हवं ते प्रकरण आधी वाचावं, क्रमाचा आग्रह नाही. जो सध्या स्वतः संकटात आहे त्याने तर हे पुस्तक मिटून ठेवावं आणि जमेल तसं, जमेल त्या शब्दांत देवाशी भांडावं. न जमलं तर तेही सोडून द्यावं. बाकीच्यांना एक विनंती आहे. दवाखान्यात कोणाला भेटायला जाणार असाल तर हे पुस्तक भेट म्हणून नेऊ नका. डबा न्या, आणि रात्री थांबायची तयारी ठेवून जा.